एम.एस्सी. झाले, नोकरीही मिळाली. पण पीएफ आहे का?

समजून घ्या : पदव्युत्तर शिक्षणानंतरची पहिली नोकरी, हातातला पगार आणि न दिसणारा पगार

पदव्युत्तर परीक्षांचे निकाल लागले की कबनूरमध्ये एकच प्रश्न घरोघरी विचारला जातो, ‘पगार किती ठरला?’ आकडा सांगितला की विषय संपतो. तो आकडा पंचवीस हजार असला तर पेढे, बारा हजार असला तर गप्प बसणे. नोकरीत भविष्य निर्वाह निधी आहे का, आजारपणाचा विमा आहे का, नेमणुकीचे पत्र मिळाले का, नोकरी कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या, हे मात्र कोणी विचारत नाही.

हे न विचारण्याला कारण आहे. इचलकरंजीला खेटून असलेल्या या गावाची रोजीरोटी यंत्रमागावर उभी राहिली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये सुरू झाला आणि पुढे सारा परिसर त्याच्या खडखडाटावर जगू लागला. या धंद्यात मजुरी ठरते मीटरवर किंवा पाळीवर. अडचणीला मालकाकडून उचल मिळते, दिवाळीला बोनस मिळतो. त्यापलीकडे ‘सुविधा’ नावाची गोष्ट बहुतेकांच्या वाट्याला आली नाही. तीस-तीस वर्षे माग चालवून पीएफचे पासबुक कधी न पाहिलेले कामगार इथे शोधावे लागत नाहीत. त्यांचीच मुले-मुली आज एम.कॉम., एम.एस्सी., एम.ए., एमसीए होऊन बाहेर पडत आहेत. पदवी नवी आहे. नोकरी मोजण्याची पट्टी मात्र जुनीच राहिली आहे.

ही पट्टी बदलण्याची वेळ आली आहे. त्यासाठी नोकरीतला न दिसणारा पगार नेमका कशाचा बनतो, हे समजून घ्यायला हवे.

कबनूरच्या पदव्युत्तरांसमोर वाटा कोणत्या?

काम नाही असे नाही. एम.कॉम. झालेल्याला सूत व्यापारी, सायझिंग, प्रोसेस हाऊस, पतसंस्था, सहकारी बँका आणि करसल्लागारांची कार्यालये आहेत. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांना साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा, कापड प्रक्रिया उद्योग किंवा थोडे लांब गेल्यास लोटे-परशुराम, महाड, कुरकुंभचे रासायनिक कारखाने आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत रोज जाऊन-येऊन करण्याच्या टप्प्यात आहेत. संगणकवाले पुण्याची गाडी धरतात. एम.ए., एम.एस्सी. करून अध्यापनाकडे वळणारेही बरेच. संशोधन अर्ध्यावर सोडून नोकरी शोधणारेही आता दिसू लागले आहेत.

म्हणजे वाटा अनेक आहेत. फरक आहे तो नेमणुकीच्या प्रकारात. एकाच इमारतीत, एकाच टेबलावर, एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या आईवर विम्यातून उपचार होतात आणि दुसऱ्याला त्यासाठी उचल काढावी लागते. हा फरक पदवीतून येत नाही. तो नेमणुकीच्या कागदातून येतो.

एकच नोकरी, पाच प्रकार

*कायम नेमणूक :* परिविक्षा काळ संपल्यानंतर नोकरी कायम. कायदा लागू असलेल्या आस्थापनेत पीएफ, विमा, ग्रॅच्युइटी, रजा हे सारे मिळते.

*निश्चित मुदतीची नेमणूक :* एक-दोन किंवा तीन वर्षांचा थेट करार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही कायम कर्मचाऱ्यासारखेच लाभ द्यायचे आहेत आणि एक वर्षाच्या सेवेनंतर त्याला ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पूर्वी यासाठी पाच वर्षे लागत. त्यामुळे ‘मुदतीची आहे, म्हणून नको’ असे म्हणण्याआधी करार वाचावा.

*ठेकेदारामार्फत नेमणूक :* काम मोठ्या कंपनीत, पगार दुसऱ्याच संस्थेकडून. पुण्यातील बँकांची कार्यालये, वाहन कंपन्या, प्रयोगशाळा इथे हा प्रकार सर्रास आहे. पीएफ इथेही लागू होतो आणि ठेकेदाराने भरला नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी उरते. पण ठेकेदार बदलला की सेवेची साखळी तुटण्याचा धोका असतो.

*प्रशिक्षणार्थी :* शिकाऊ उमेदवार कायद्याने (१९६१) कर्मचारी ठरत नाही. त्याला विद्यावेतन मिळते, पीएफ नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधर व पदव्युत्तरांना महिना १० हजार रुपये विद्यावेतन आहे. सुरुवातीला सहा महिन्यांची असलेली ही मुदत नंतर ११ महिने झाली. अनुभवासाठी ते उपयोगी आहे. पण ती नोकरी नव्हे. मुदत संपल्यावर पुढे काय, हे पहिल्याच दिवशी विचारलेले बरे.

*तासिका तत्त्व :* पदव्युत्तरांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे.

तासिका तत्त्वाचा सापळा

महाविद्यालयातील पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि निवृत्तिवेतन योजनेतील सरकारचा वाटा वेगळा. त्याच वर्गात, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला घेतलेल्या तासांचे मानधन मिळते. सुट्टीत तास नाही, म्हणून मानधन नाही. परीक्षेच्या काळात तेच. पुढच्या वर्षी नेमणूक होईलच याची खात्री नाही. मानधनही अनेकदा महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाही.

दोघांची पात्रता मात्र बहुधा सारखीच असते. पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट. अनेक ठिकाणी तासिकावाल्याकडे पीएच.डी.सुद्धा असते. भरती आज निघेल, उद्या निघेल या आशेवर पंचविशीत पकडलेला खडू पस्तिशीतही हातात राहतो. दहा वर्षे शिकवूनही पीएफ खात्यात शून्य, सेवापुस्तिका कोरी.

तासिका तत्त्वावर काम करू नये, असा याचा अर्थ नाही. शिकवण्याची ओढ असेल तर अनुभव मोलाचा आहे. पण त्याला वर्षांची मर्यादा हवी. ‘सेट होईपर्यंत दोन वर्षे’ असे ठरवून केलेले काम वेगळे आणि ‘बघू’ म्हणत गेलेली दहा वर्षे वेगळी.

शाळेच्या वाटेवर चित्र थोडे स्पष्ट आहे. पवित्र पोर्टलमार्फत निवड झालेल्या शिक्षणसेवकाला प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये मानधन आहे. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. सुरुवातीचा आकडा लहान आहे. पण पुढची पायरी कुठे आहे हे ठाऊक असते. खासगी विनाअनुदानित शाळेतला मोठा आकडा आणि हा लहान आकडा यांची तुलना करताना ही पायरी धरायला हवी.

हातात १८ हजार की कागदावर १८ हजार?

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, एम.कॉम. झालेल्या एका मुलाकडे दोन नोकऱ्या चालून आल्या आहेत. पहिला मालक म्हणतो, ‘पीएफ-बिएफ काही नाही, महिन्याला रोख १८ हजार.’ दुसऱ्या ठिकाणी एकूण पगार १८ हजार, त्यातील मूळ वेतन आणि महागाई भत्ता १५ हजार.

दुसऱ्या नोकरीत त्याच्या पगारातून १२ टक्क्यांनी १,८०० रुपये पीएफ, पाऊण टक्क्याने १३५ रुपये ईएसआय आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हातात येतात १५,८६५ रुपये. (मुलगी असेल तर २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून १६,०६५.) घरी लगेच तुलना होते, ‘तिथे अठरा, इथे सोळाही नाहीत!’

पण दुसऱ्या मालकाच्या खिशातून आणखी काही जात असते. पीएफचा त्याचा वाटा १,८०० रुपये. त्यातील १,२५० निवृत्तिवेतन योजनेत आणि ५५० पीएफ खात्यात. ईएसआयचा त्याचा वाटा सव्वातीन टक्क्यांनी ५८५ रुपये. ग्रॅच्युइटीपोटी वर्षाला १५ दिवसांचे वेतन, म्हणजे महिन्याला सुमारे ७२१ रुपये. सारे जोडले तर दुसरी नोकरी महिन्याला सुमारे २१,१०० रुपयांची आहे.

कापले गेलेले १,८०० रुपयेही कुठे हरवलेले नाहीत. मालकाचे ५५० धरून महिन्याला २,३५० रुपये मुलाच्या स्वतःच्या खात्यात जमतात. वर्षाला २८,२००, पाच वर्षांत पगार न वाढताही १ लाख ४१ हजार, आणि वर व्याज. २०२४-२५ या वर्षासाठी हा व्याजदर ८.२५ टक्के होता. पाच वर्षांनी नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटीचे सुमारे ४३ हजार वेगळे.

रोखवाल्या नोकरीतले २,१३५ रुपये जास्तीचे दर महिन्याला बाजूला टाकणारा मुलगा विरळाच. ते पेट्रोल, मोबाइल आणि हप्त्यात विरतात. शिवाय रोख पगाराला पुरावा नसतो. बँकेत घरकर्जासाठी गेल्यावर वेतनचिठ्ठी मागतात, तेव्हा ही उणीव कळते.

सीटीसी म्हणजे पगार नव्हे

पुण्याच्या कंपन्या आकडा सांगतात तो सीटीसीचा, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. ‘३ लाख ६० हजारांचे पॅकेज’ ऐकून घरचे महिन्याला ३० हजार धरतात.

उदाहरण म्हणून त्याची फोड पाहू. ३० हजारांतून कंपनीचा पीएफ वाटा १,८००, ग्रॅच्युइटी ७२१, गटविम्याचा हप्ता ५००, आणि कामगिरीवर अवलंबून असलेला दहा टक्के भाग ३ हजार वजा केला तर उरतात २३,९७९. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यावर येतात सुमारे २२ हजार. त्यातून खोलीचे भाडे, मेस आणि महिन्यातून एकदा गावाकडचा प्रवास.

यात फसवणूक नाही. पण समजून न घेता होकार दिला तर फसल्यासारखे वाटते. म्हणून ऑफर आली की तीन आकडे वेगवेगळे मागावेत : एकूण मासिक वेतन किती, खात्यावर किती येणार, आणि कामगिरीवरचा भाग कधी व कोणत्या अटीवर मिळणार.

इथे आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी. ईएसआयची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये आहे. वरच्या उदाहरणातील मुलगा त्यापलीकडे गेल्यामुळे ईएसआयमध्ये बसत नाही. त्याचा आधार कंपनीचा गटविमा. त्यात आई-वडील आहेत का, रक्कम किती, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का, हे विचारणे पगार विचारण्याइतकेच महत्त्वाचे.

पीएफ कोणाला सक्तीचा?

२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. अशा ठिकाणी मूळ वेतन व महागाई भत्ता १५ हजारांपर्यंत असेल तर कर्मचाऱ्याला सदस्य करणे बंधनकारक आहे. ‘मला नको’ असे लिहून देण्याचा अधिकार कर्मचाऱ्यालाही नाही आणि तसे लिहून घेण्याचा मालकालाही नाही.

पहिलीच नोकरी आणि वेतन १५ हजारांहून जास्त असेल, तर मात्र कंपनी कायद्याने पीएफबाहेर ठेवू शकते. अनेकांना हे रुजू झाल्यावर कळते. दोघांच्या संमतीने सदस्यत्व घेता येते; ते रुजू होण्यापूर्वी बोलून ठेवावे.

पीएफबरोबर दोन गोष्टी आपोआप येतात. पहिली, सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला ७ लाख रुपयांपर्यंत विमा. दुसरी, किमान दहा वर्षांची सेवा झाल्यास ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन. म्हणूनच नोकरी बदलताना पीएफ काढून घेणे तोट्याचे. जुना यूएएन क्रमांक नव्या कंपनीला द्यावा आणि खाते वर्ग करावे. सलग पाच वर्षांच्या आत पैसे काढल्यास त्यावर करही लागू शकतो.

ईएसआय : घरातल्या आजारपणाची ढाल

१० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या आस्थापनेत २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्याला हे संरक्षण मिळते. वर्गणी अगदी थोडी, लाभ मोठा. स्वतःवर आणि कुटुंबावर उपचार, अटी पूर्ण झाल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम, कामावर अपघात झाल्यास भरपाई. पूर्णपणे अवलंबून असलेले आई-वडीलही कुटुंबात धरले जातात. आयुष्यभर मागाच्या धुळीत काम केलेल्या बापासाठी मुलाच्या पगारातले १३५ रुपये किती मोलाचे आहेत, हे कबनूरला वेगळे सांगायला नको.

मुलींच्या बाबतीत तर हा मुद्दा अधिक महत्त्वाचा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा हा कायदेशीर हक्क आहे. ईएसआय लागू असेल आणि वर्गणीची अट पूर्ण असेल तर त्या काळातील पैसे महामंडळ देते. मालकाच्या तिजोरीवर भार पडत नाही. ‘मुलगी घेतली की रजेचा खर्च’ हे कारण पुढे करणाऱ्या छोट्या उद्योजकांनी हे एकदा नीट वाचावे. आणि लग्नानंतर नोकरी सोडावीच लागेल असे धरून चाललेल्या घरांनीही.

पहिल्या नोकरीला सरकारचे १५ हजार

पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून लागू आहे. ३१ जुलै २०२७ पर्यंत रुजू होणाऱ्यांसाठी ती आहे. पहिल्यांदाच पीएफमध्ये नोंद होणाऱ्या आणि एक लाखापर्यंत मासिक वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला एका महिन्याच्या वेतनाएवढी, कमाल १५ हजार रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या सेवेनंतर. दुसरा बारा महिन्यांनंतर, आर्थिक साक्षरतेचा कार्यक्रम पूर्ण केल्यावर. त्यातील काही भाग बचत म्हणून ठेवला जातो. त्यासाठी उमंग ॲपवर चेहरा पडताळणी करून यूएएन तयार असावा लागतो.

मालकालाही यात वाटा आहे. ठरलेल्या संख्येने नवी पदे वाढवली तर प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यामागे महिन्याला ३ हजारांपर्यंत रक्कम दोन वर्षे, आणि उत्पादन उद्योगात चार वर्षे मिळू शकते. वर पाहिलेल्या उदाहरणात मालकाचा पीएफ वाटा १,८०० रुपयेच आहे. म्हणजे ‘पीएफ परवडत नाही’ हे कारण या काळात तरी टिकणारे नाही.

संशोधन सोडून नोकरीकडे येताना

पीएच.डी. अर्ध्यावर सोडणाऱ्यांची अडचण वेगळी. नेट-जेआरएफधारकाला महिना ३७ हजार रुपये अधिछात्रवृत्ती मिळते. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या संपल्यावर किंवा सोडल्यावर २५ हजारांची नोकरी घेणे कमीपणाचे वाटते. पण अधिछात्रवृत्ती म्हणजे वेतन नव्हे; त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्यामुळे ३७ हजार आणि २५ हजार हे दोन आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत.

संशोधनाची दोन-तीन वर्षे मुलाखतीत वाया गेलेली वर्षे म्हणून सांगण्याचीही गरज नाही. उपकरणे हाताळली, नोंदी ठेवल्या, आकडेवारी तपासली, अहवाल लिहिले, हे काम आहे. प्रयोगशाळेला, गुणवत्ता विभागाला आणि प्रक्रिया उद्योगाला तेच हवे असते. ते कामाच्या भाषेत सांगता आले पाहिजे.

रुजू होण्यापूर्वी काय तपासावे?

• नेमणूकपत्र लेखी घ्यावे. नव्या संहितांनुसार ते प्रत्येक कर्मचाऱ्याला देणे बंधनकारक आहे. त्यात पद, वेतनाची फोड, कामाचे ठिकाण, परिविक्षा काळ आणि राजीनाम्याची मुदत असावी.

• पत्राखाली सही कोणत्या संस्थेची आहे ते पाहावे. मुलाखत एकीकडे आणि पत्र दुसऱ्याचे, तर नेमणूक ठेकेदाराकडची आहे.

• पीएफ संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोध घेता येतो. कंपनीची नोंद आहे का, दरमहा भरणा होतो का, किती जणांचा होतो, हे तिथे दिसते. शंभर जण काम करतात आणि भरणा पंधरा जणांचा, तर अर्थ उघड आहे.

• वेतनाच्या फोडीत मूळ वेतन किती ते पाहावे. नव्या संहितांनुसार वेतनातून वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाहीत.

• साखर कारखान्यात नेमणूक ‘हंगामी’ की ‘कायम’, हे पत्रात स्पष्ट असावे. गाळप संपल्यावर काय, हे त्यावरच ठरते.

• सेवाबंधाची अट असेल तर रक्कम आणि मुदत वाचूनच सही करावी. ‘असे बाँड कोर्टात टिकत नाहीत’ या ऐकीव माहितीवर राहू नये. एका सरकारी बँकेची किमान सेवेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली आहे.

• मूळ गुणपत्रके आणि पदवी प्रमाणपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये. पडताळणीसाठी दाखवावे, प्रत द्यावी, मूळ परत घ्यावे.

• रुजू झाल्यानंतर दुसऱ्या महिन्यात पीएफचे पासबुक उघडून पाहावे. पगारातून कापलेली रक्कम तिथे दिसायला हवी. कापली आणि जमा नाही, तर आधी कंपनीला लेखी विचारावे. दाद न मिळाल्यास पीएफ संघटनेच्या तक्रार पोर्टलवर किंवा कोल्हापूरच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करावी.

हे विचारले तर नोकरी जाईल, ही भीती अनेकांना वाटते. पहिल्या पाच मिनिटांत विचारू नये हे खरे. पण निवड झाल्याचे कळल्यानंतर ‘सर, पीएफ किती बेसिकवर कापला जातो? यूएएन कधी तयार होईल?’ असे नम्रपणे विचारण्यात गैर काही नाही. व्यवस्थित कंपनीकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते. प्रश्नाने चिडणारा मालक पगाराच्या तारखेलाही असाच वागेल, हेही त्यातून कळते.

प्रत्येक वेळी मोठीच नोकरी हवी का?

नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या कार्यालयात पीएफ सक्तीचा नाही आणि कबनूर-इचलकरंजीतील कितीतरी कार्यालये तशीच आहेत. करसल्लागाराकडे दोन वर्षे काम करून जीएसटी, टॅली आणि लेखापरीक्षण शिकलेला मुलगा पुढे चांगल्या ठिकाणी जातो. घरात आजारी माणूस असेल तर गावातली दहा हजार कमी पगाराची नोकरी पुण्यापेक्षा परवडते. हे निर्णय चुकीचे नाहीत.

फक्त ते डोळे उघडे ठेवून घ्यावेत. जिथे पीएफ नाही, तिथे स्वतःचे पीपीएफ किंवा एनपीएस खाते पहिल्या पगारापासून उघडावे, आरोग्य विमा स्वतः घ्यावा आणि त्याचा खर्च पगारातून वजा करूनच ‘परवडते का’ हे ठरवावे. मालकाने न दिलेली सुविधा फुकट राहत नाही. तिची किंमत उद्या घरच मोजते.

जबाबदारी एकट्या उमेदवाराची नाही

सगळा भार तेवीस वर्षांच्या मुलावर टाकून चालणार नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली याचा आकडा देतात. त्यातील किती नोकऱ्यांत नेमणूकपत्र होते, किती जणांचा पीएफ सुरू झाला, हेही शिवाजी विद्यापीठाने आणि संलग्न महाविद्यालयांनी जाहीर करावे. नोकरी मेळाव्यात येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून नेमणुकीचा प्रकार लेखी घ्यावा. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात वेतनचिठ्ठी कशी वाचायची, याचा एक तास ठेवायला कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

स्थानिक उद्योगांनीही विचार करायला हवा. शिकलेली मुले टिकत नाहीत, पुण्याला पळतात, ही कबनूर-इचलकरंजीच्या उद्योजकांची नेहमीची तक्रार. पण एकच धंदा चार नावांनी दाखवून हजेरीपट वीसच्या खाली ठेवायचा आणि मग माणूस टिकत नाही म्हणायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. कर्मचारी वीसपेक्षा कमी असले तरी आस्थापनेला स्वेच्छेने पीएफमध्ये येता येते. ज्या तरुणाला इथेच नेमणूकपत्र, पीएफ आणि विमा मिळेल, तो तीन-चार हजार जास्तीसाठी पुण्यातली खोली सहसा भाड्याने घेणार नाही.

सरकारची जबाबदारी तर आणखी मोठी. खासगी मालकाला नेमणूकपत्राची सक्ती करणाऱ्या शासनाच्या अनुदानित महाविद्यालयांत पात्र प्राध्यापक तासावर राबत असतील, तर त्या सक्तीला वजन कसे येणार? रिक्त जागा वेळेवर भरणे आणि तोपर्यंत तासिकेचे मानधन दरमहा देणे, एवढे तरी व्हायला हवे.

कबनूरच्या एका पिढीने हातात पडेल तो पगार घेतला आणि म्हातारपण मुलांवर सोपवले. त्या मुलांना शिकवण्यासाठी याच घरांनी रात्रपाळ्या केल्या. शिकलेल्या मुलाची नोकरीही तशीच कागदाविना, विम्याविना राहिली, तर पदवीने घरात फोटोशिवाय काय बदलले? यंदा निकालाचे पेढे वाटताना ‘पगार किती’ हा प्रश्न विचारला जाईलच. त्याच्या पाठोपाठ ‘पीएफ सुरू झाला का’ हेही विचारले जावे. हा दुसरा प्रश्न ज्या दिवशी घराघरांत सवयीचा होईल, त्या दिवसापासून मालकांनाही त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.